शक्यतेचा आकडा आणि मातेचा निर्णय

शहरातल्या एखाद्या मध्यम प्रतीच्या प्रसूतिगृहात चौथ्या-पाचव्या महिन्यात तपासणीसाठी गेलेल्या स्त्रीच्या हातात आज एक कागद पडतो. त्यावर तिचे वय, वजन आणि शेवटच्या पाळीची तारीख असते. खाली तीन-चार द्रव्यांची इंग्रजी नावे आणि त्यांच्यासमोर दशांशचिन्हांचे आकडे असतात. तळाशी जाड ठशात एक गुणोत्तर छापलेले असते, समजा १ : २२०, आणि त्याच्या शेजारी तांबड्या अक्षरांत ‘हाय रिस्क’. बाहेर पंधरा-वीस बायका खोळंबलेल्या असतात. डॉक्टर कागदावरून नजर फिरवतात आणि ‘मूल मतिमंद होण्याचा धोका आहे, पुढची तपासणी करून घ्या’ एवढे सांगून पुढच्या बाईला आत बोलावतात. ती घरी पोचेपर्यंत ‘धोका आहे’ या शब्दांचे ‘मूल वेडे होणार’ असे रूपांतर झालेले असते. सासू विचारते, ग्रहणाच्या दिवशी विळी हातात घेतली होतीस का? नवरा विचारतो, पुढच्या तपासणीला खर्च किती? आणि हाच आकडा पडलेल्या दोनशे वीस गर्भवतींपैकी दोनशे एकोणीसजणींच्या मुलात तो दोष नसतो, ही त्या कागदातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिला कोणीच सांगितलेली नसते.

‘डबल मार्कर’, ‘ट्रिपल मार्कर’, ‘क्वाड्रुपल मार्कर’ ही नावे आता पुण्या-मुंबईतच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही ऐकू येऊ लागली आहेत. रक्त घेतले जाते, नमुना मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत जातो, पैसे मोजले जातात आणि आकडा येतो. मात्र या आकड्याचा अर्थ काय, तो कसा काढला गेला आणि तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत नाही, याविषयी विलक्षण अज्ञान आहे, आणि ते केवळ अशिक्षितांपुरते मर्यादित नाही. या अज्ञानावर एक धंदा उभा राहिला आहे. म्हणून प्रथम त्या आकड्याकडेच नीट पाहणे भाग आहे.

मनुष्याच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. बीजपेशी तयार होताना जोडीतील दोन गुणसूत्रे क्वचित एकमेकांपासून सुटत नाहीत आणि गर्भाला एक गुणसूत्र जादा मिळते. एकविसाव्या जोडीत असे तिसरे गुणसूत्र आले की जी अवस्था निर्माण होते, तिला डाऊन सिंड्रोम म्हणतात. अठराव्या आणि तेराव्या जोडीतील अशाच बिघाडांचे परिणाम फार गंभीर असतात आणि अशी बहुतेक अर्भके वर्षभरही जगत नाहीत. १८६६ साली इंग्लंडमधील जॉन लँग्डन डाऊन या डॉक्टरने या अवस्थेचे वर्णन केले, तेव्हा त्या काळच्या वंशवादी समजुतीनुसार त्याने तिला ‘मंगोल’ हे नाव दिले. एका संपूर्ण मानवसमूहाचा अपमान करणारे हे नाव जवळजवळ शंभर वर्षे वैद्यकाच्या पुस्तकांत निर्वेधपणे नांदले. मंगोलियाच्या प्रतिनिधींनी आक्षेप घेतल्यानंतर १९६५ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते सोडून दिले. १९५९ साली पॅरिसमध्ये जादा गुणसूत्राचा शोध लागला. त्याचे श्रेय जेरोम लेज्यून यांच्या नावे जमा झाले. ज्या प्रयोगशाळेत पेशी वाढवून ते गुणसूत्र प्रथम दिसले, ती प्रयोगशाळा स्वतःच्या कष्टांनी उभी करणाऱ्या मार्थ गोतिए या स्त्री-डॉक्टरची आठवण जगाला फार उशिरा झाली. विज्ञानाच्या प्रांतातही श्रम करणारा आणि श्रेय घेणारा हे नेहमी एकच नसतात.

हा दोष बहुतांशी यदृच्छेने घडतो. आईने काय खाल्ले, ग्रहणात काय चिरले, कोणते नवस फेडायचे राहिले, यांपैकी कशाशीही त्याचा संबंध नाही. आईच्या वयाशी मात्र आहे. विसाव्या वर्षाच्या आसपास सुमारे दीड हजारांत एक असलेली ही शक्यता पस्तिसाव्या वर्षी साधारण साडेतीनशेत एक आणि चाळिसाव्या वर्षी शंभरात एक होते. असे असूनही डाऊन सिंड्रोमची बहुसंख्य मुले तरुण मातांच्याच पोटी जन्मतात, कारण मुळात बाळंतपणेच तरुण वयात अधिक होतात. केवळ पस्तिशी उलटलेल्यांची तपासणी करून भागत नाही असे डॉक्टरांना वाटू लागले ते यामुळेच. वयाखेरीज दुसरी काही खूण सापडते का, हा शोध तेथून सुरू झाला.

ती खूण ज्या रीतीने हाती आली, ती हकिकत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. गर्भाच्या यकृतात तयार होणारे अल्फा-फीटोप्रोटीन नावाचे प्रथिन आईच्या रक्तात थोड्या प्रमाणात उतरते. पाठीचा कणा उघडा राहिलेल्या गर्भाच्या बाबतीत ते वाढते, हे १९७० नंतरच्या दशकात ब्रिटनमधील संशोधकांनी दाखविले होते आणि तेवढ्यासाठीच ते मोजले जात असे. न्यूयॉर्कमध्ये एका स्त्रीच्या रक्तात ते प्रथिन जवळजवळ आढळलेच नाही. वाढलेले नसल्यामुळे कोणाला चिंता वाटली नाही. तिला झालेल्या मुलात अठराव्या गुणसूत्राचा दोष निघाला. तेव्हा त्या मातेने डॉक्टरांना विचारले की, आकडा इतका कमी होता, त्याचा याच्याशी काही संबंध असेल का? डॉक्टरांनी जुनी दप्तरे उघडली आणि संबंध होता. १९८४ साली मर्कात्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. आज रुग्णाने प्रश्न विचारला की कपाळाला आठ्या घालणाऱ्या डॉक्टरांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यास हरकत नाही.

पुढील काही वर्षांत आणखी द्रव्ये या यादीत आली. वारेतून स्रवणारे एचसीजी हे संप्रेरक डाऊन सिंड्रोमच्या गर्भारपणात वाढलेले आढळते, इस्ट्रिऑल कमी आढळते, आणि या दोहोंची अल्फा-फीटोप्रोटीनशी सांगड घालून १९८८ साली लंडनमध्ये निकोलस वाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ट्रिपल’ चाचणी मांडली. इनहिबिन-ए हे चौथे द्रव्य मिळाल्यावर ती ‘क्वाड्रुपल’ झाली. नंतर अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांच्या दरम्यान करावयाची चाचणी आली. तिच्यात पॅप-ए हे प्रथिन आणि एचसीजीचा एक घटक मोजतात आणि जोडीला सोनोग्राफीत गर्भाच्या मानेमागील द्रवाची जाडी पाहतात.

यांपैकी एकही द्रव्य रोगाचे नाही, ही गोष्ट येथे मनावर बिंबली पाहिजे. हिवतापाचा जंतू रक्तात सापडला म्हणजे हिवताप झाला, असा येथे प्रकार नाही. ही सर्व द्रव्ये प्रत्येक गर्भवतीच्या रक्तात असतातच. फरक असतो तो केवळ कमी-अधिकपणाचा, आणि निरोगी व सदोष गर्भांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की कोणत्याही एका आकड्यावर बोट ठेवून ‘येथून पुढे दोष’ असे म्हणता येत नाही. म्हणून प्रयोगशाळा त्या आठवड्यातील निरोगी गर्भवतींचा मध्यक घेते, या स्त्रीचे मोजमाप त्याच्या किती पट भरले ते काढते, तिच्या वयानुसार असलेल्या शक्यतेला त्या पटींवरून मिळालेल्या गुणकांनी गुणते, आणि मग ते गुणोत्तर छापले जाते. बावीस वर्षांच्या आणि अडतीस वर्षांच्या दोन स्त्रियांच्या रक्तातील सर्व द्रव्ये तंतोतंत सारखी असली, तरी त्यांचे कागद वेगळे असतील. आकडा मूलतः वयाचा असतो, रक्त त्याला इकडे-तिकडे सरकवते इतकेच.

या सर्व गणिताचा पाया म्हणजे गर्भ किती आठवड्यांचा आहे हे अचूक ठाऊक असणे. अल्फा-फीटोप्रोटीन चौथ्या-पाचव्या महिन्यात दर आठवड्याला सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढत जाते, इस्ट्रिऑलही वाढते, एचसीजी मात्र उतरत असते. आता एखाद्या स्त्रीला सोळावा आठवडा चालू आहे, पण कागदावर अठरावा लिहिला गेला, असे समजा. तिचे पहिले द्रव्य अठराव्या आठवड्याच्या मानाने कमी भरणार, दुसरेही कमी भरणार, आणि तिसरे जास्त भरणार. म्हणजे ठाकठीक असलेल्या गर्भाचे हुबेहूब डाऊन सिंड्रोमचे चित्र उमटणार! केवळ तारीख चुकल्यामुळे. उलट्या दिशेने चूक झाली, तर खरा दोष झाकला जाणार. ‘पाळी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आली होती’ अशी तिथी-सणांवरून आठवण सांगणाऱ्या, पाळी मुळातच अनियमित असलेल्या, अंगावर पाजत असतानाच पुन्हा दिवस गेलेल्या स्त्रियांची संख्या आपल्याकडे थोडीथोडकी नाही. पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीवरून आठवडे पक्के करता येतात, पण ती सोय जिला मिळाली नाही तिचा कागद वाळूवर बांधलेला असतो. वजनाचेही तसेच आहे. सडपातळ स्त्रीच्या शरीरात रक्त कमी, म्हणून तेवढेच द्रव्य अधिक दाट भरते. लठ्ठ स्त्रीत ते विरळ भरते. मधुमेह, जुळे, कृत्रिम गर्भधारणा या सर्वांसाठी हिशेब बदलावा लागतो. मध्यक ज्या स्त्रियांवरून काढले, त्या युरोपातल्या की आपल्याकडच्या, हाही प्रश्न आहेच. परदेशी यंत्राबरोबर आलेली आज्ञावली जशीच्या तशी चालवून विदर्भातल्या शेतमजूर स्त्रीचे भवितव्य वर्तवणे याला शास्त्र म्हणता येत नाही.

सर्व काही बिनचूक झाले तरी ही चाचणी काय करू शकते? दहा हजार गर्भवतींचा विचार करावा. त्यांच्यात साधारण बाराजणींच्या गर्भात डाऊन सिंड्रोम आहे असे धरू. ट्रिपल चाचणी शंभर सदोष गर्भांपैकी साठ-सत्तर हेरते आणि त्याच वेळी शंभर निर्दोष गर्भांपैकी सुमारे पाचांवर खोटा संशय घेते. म्हणजे बारांपैकी आठजणी सापडतील, चारजणींना ‘लो रिस्क’ लिहिलेला कागद मिळेल आणि त्या निश्चिंत मनाने घरी जातील. त्या आठजणींबरोबर जवळजवळ पाचशे स्त्रियांना निष्कारण तांबडा शिक्का बसेल. सात-आठ शिक्क्यांपैकी एक खरा, असे नव्हे, साठांपैकी एक! पहिल्या तिमाहीतील रक्त आणि सोनोग्राफी यांची एकत्रित चाचणी यापेक्षा सरस आहे. ती शंभरांतील पंच्याऐंशी ते नव्वद हेरते. पण खोट्या संशयितांची गर्दी तिच्यातही तेवढीच असते. गहू चाळताना चाळणीवर जे उरते ते सगळेच खडे नसतात. खडा कोणता ते हातात घेऊन पाहावे लागते. येथे हातात घेऊन पाहणे म्हणजे गर्भजलपरीक्षा किंवा वारेचा तुकडा काढून गुणसूत्रांची तपासणी. त्यासाठी पोटातून सुई घालावी लागते, आणि तिच्यामुळे गर्भ पडण्याची शक्यता थोडी का होईना, असते. पूर्वी हे प्रमाण दोनशेत एक मानीत. निष्णात हातांत ते आज बरेच कमी झाले आहे. सगळीकडे हात निष्णात असतात असे मात्र नाही.

मग हा तांबडा शिक्का १ : २५० च्या अलीकडेच का बसतो? १ : २६० ची स्त्री सुरक्षित आणि १ : २४० ची धोक्यात, असे निसर्गाने तर ठरविलेले नाही. पस्तीस वर्षांच्या स्त्रीला असलेली शक्यता, सुईपासून होणारी हानी, गर्भजलपरीक्षेच्या प्रयोगशाळा किती स्त्रियांना पुऱ्या पडतील याचा अंदाज, अशा व्यवहारी विचारांतून पाश्चात्त्य देशांत ही रेषा आखली गेली. इंग्लंडने ती १ : १५० वर ठेवली आहे. रेषा आखणे गैर नाही, कोठेतरी ती आखावीच लागते. परंतु प्रशासनाच्या सोयीसाठी आखलेली रेषा स्त्रीच्या समोर ईश्वरी संकेतासारखी ठेवणे हे अप्रामाणिकपणाचे आहे.

अलीकडच्या काळात या क्षेत्रात एक खरोखरची क्रांती झाली. आईच्या रक्तरसात गर्भाच्या वारेतून आलेले डीएनएचे सुटे तुकडे तरंगत असतात, हे डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखविले. २०११ पासून त्यावर आधारलेली चाचणी बाजारात आली. एकविसाव्या गुणसूत्राचा दोष ती शंभरांत नव्व्याण्णव वेळा ओळखते आणि खोटा संशय हजारांत एकावर घेते. जाहिरातींत एवढेच सांगितले जाते. पण तरुण स्त्रियांमध्ये मुळात दोषच हजारांत एक असतो. दहा हजार तरुण गर्भवतींत दहा खरे सापडणार आणि दहा खोटे. नव्व्याण्णव टक्के अचूक म्हणविणारी चाचणी ‘दोष आहे’ असे सांगते तेव्हा निम्म्या वेळा ती चूक असते, हे वाचून कोणालाही धक्का बसेल, पण हे साधे त्रैराशिक आहे. हीदेखील चाळणीच आहे, अधिक बारीक छिद्रांची. तिच्या निकालावर विसंबून, पक्की तपासणी न करता गर्भपात करणे म्हणजे निम्म्या वेळा निर्दोष गर्भ गमावणे होय. आणि तिची किंमत शेतमजूर स्त्रीच्या महिनाभराच्या मजुरीहून अधिक आहे.

येथे प्रश्न वैद्यकाचा राहत नाही, समाजव्यवस्थेचा होतो. इंग्लंडमध्ये ही तपासणी सरकारी आरोग्यसेवेतून प्रत्येक गर्भवतीला मोफत देऊ केली जाते. तपासणी हवी की नको, डाऊन सिंड्रोमची हवी की अन्य दोषांची, हे तिने ठरवावयाचे असते. डीएनएची चाचणी २०२१ पासून तेथे सर्वांवर न लादता पहिल्या चाचणीत शक्यता अधिक आलेल्यांनाच पुढची पायरी म्हणून देऊ केली जाते. आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवर सर्व गर्भवतींसाठी असा काही कार्यक्रम नाही. असतो तो बाजार. ज्यांच्यापाशी पैसा आहे त्यांच्यावर चाचण्यांचा मारा होतो, ज्यांच्यापाशी नाही त्यांना त्यांचे नावही ठाऊक नसते. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरची स्त्री दवाखान्याची पायरी चढते तेव्हा पहिल्या तिमाहीची मुदत पुष्कळदा उलटून गेलेली असते. श्रीमंत स्त्रीला गरजेपेक्षा जास्त भीती आणि गरीब स्त्रीला गरजेपुरतीही माहिती नाही, अशी ही वाटणी आहे.

ज्या देशात निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयाने ग्रासलेल्या आहेत, तेथे गुणसूत्रांची चर्चा ही चैन नव्हे काय, असे काही कार्यकर्ते विचारतील. लोहाच्या गोळ्या आणि पोटभर अन्न यांचा अग्रक्रम कोणीच नाकारणार नाही. पण गरिबांसाठी गोळ्या आणि श्रीमंतांसाठी ज्ञान ही विभागणी समाजवाद्यांनी का पत्करावी? ज्ञान हेही उत्पादनाचे साधन आहे आणि त्याच्या मालकीचा प्रश्न टाळून चालणार नाही.

यापेक्षा अवघड आक्षेप दुसरा आहे. महाराष्ट्राला तर तो विशेष जाणवला पाहिजे. गर्भजलपरीक्षा १९७५ च्या सुमारास या देशात आली ती गर्भातील दोष शोधण्यासाठीच. दहा वर्षांच्या आत तिचा उपयोग मुली शोधून मारण्यासाठी होऊ लागला. १९८६ साली मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी झाली तेव्हा त्यांतील ४२ जण लिंगनिदानासाठी ही परीक्षा करीत असल्याचे आढळले. स्त्रीसंघटना आणि पुरोगामी डॉक्टर रस्त्यावर उतरले, विधिमंडळात मृणाल गोरे यांच्यासारख्या लोकप्रतिनिधींनी प्रश्न लावून धरला, आणि १९८८ साली लिंगनिदानावर बंदी घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्रात झाला. केंद्राचा कायदा १९९४ सालचा. तरीही १९९१ साली महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ९४६ असलेल्या मुली २०११ साली ८९४ वर आल्या. कायद्याला पळवाट शोधणारे डॉक्टर आणि मुलगा हवा असलेली घरे यांची युती किती बळकट असते, ते या आकड्यांत दिसते.

मग त्या चळवळीतूनच एक प्रश्न उभा राहतो. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणे हा अन्याय, तर डाऊन सिंड्रोम आहे म्हणून पाडणे न्याय कसा? अपंगांच्या हक्कांसाठी झगडणारे कार्यकर्ते हा प्रश्न विचारतात आणि तो उडवून लावता येण्याजोगा नाही. गुणसूत्र शोधणाऱ्या लेज्यून यांनाच आपल्या शोधाचा असा वापर मान्य नव्हता. मात्र त्यांचा विरोध गर्भपातालाच होता, आणि तो स्त्रीवर सक्ती करण्यापर्यंत जातो. डेन्मार्कने २००४ पासून सर्व गर्भवतींना ही तपासणी देऊ केली आणि तेथे डाऊन सिंड्रोमच्या बालकांचे जन्म जवळजवळ निम्म्यावर आले. प्रत्येक स्त्रीने स्वतंत्रपणे निर्णय घेतला असेल, पण सर्वांच्या निर्णयांची बेरीज एका माणसांच्या समूहाच्या लोपाकडे जाते, ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे.

तरीही दोन्ही प्रकरणे एकाच मापाने मोजणे बरोबर नाही. मुलगी असणे हे कोणतेही अपंगत्व नाही. तिच्यामुळे जे ओझे वाटते ते सर्वस्वी समाजाने रचलेले आहे. बौद्धिक अक्षमता आणि त्याबरोबर येणारा हृदयविकार हे काही प्रमाणात शरीराचे वास्तव आहे आणि त्याची जबाबदारी जन्मभर कोणाला तरी पेलावी लागते. आपल्या समाजात हे ‘कोणीतरी’ म्हणजे आई. तिची नोकरी सुटते, बाप बहुधा नोकरीवर जातच राहतो. ज्या व्यवस्थेने सगळा भार तिच्या खांद्यावर टाकला, त्याच व्यवस्थेने तिला ‘हे मूल तू जन्माला घातलेच पाहिजेस’ असे सांगणे हा उपदेश नव्हे, उद्धटपणा आहे. निर्णय तिचाच असला पाहिजे. परंतु निर्णय तिचा असणे आणि निर्णय तिच्यावर टाकून सर्वांनी हात झटकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मूल झाले तर शस्त्रक्रिया कोठे होईल, शाळा कोणती, आपल्यामागे त्याचे काय, यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर नसताना तिने ‘नको’ म्हटले तर त्याला स्वेच्छा म्हणावे की नाइलाज? आणि नवरा-सासू यांनी ठरवून तिची केवळ सही घेतली असेल तर तो निर्णय कोणाचा?

कायद्याने या बाबतीत उशिरा का होईना, पाऊल टाकले आहे. १९७१ च्या गर्भपात कायद्याने वीस आठवड्यांची मर्यादा घातली होती. पंधराव्या आठवड्यानंतर रक्ततपासणी, मग निकाल, मग गर्भजलपरीक्षा, मग पेशी वाढवून गुणसूत्रे पाहण्यासाठी दोन-तीन आठवडे, या क्रमात ती मर्यादा सहज उलटून जाई. स्त्रीला एक तर अर्धवट माहितीवर घाई करावी लागे, नाही तर न्यायालयाची पायरी चढावी लागे. २००८ साली मुंबईतील एका गर्भवतीने गर्भाच्या हृदयातील दोषासाठी अशी परवानगी मागितली आणि उच्च न्यायालयाने ती नाकारली, तेव्हा देशभर चर्चा झाली. २०२१ च्या दुरुस्तीने काही वर्गांतील स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांवर नेली आणि गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरविल्यास मुदतीची अट काढून टाकली. मात्र अशी मंडळे मोठ्या रुग्णालयांत बसतात. गडचिरोलीच्या जंगलातून तेथवर येण्याचे भाडे, राहण्याची सोय आणि बुडालेली मजुरी यांची तरतूद या दुरुस्तीत नाही.

आणि जी मुले जन्माला येतात त्यांचे काय? ‘वेडे मूल’ ही आपल्या समाजाची कल्पना फार जुनी झाली. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान अमेरिकेत १९८३ च्या सुमारास पंचवीस वर्षे होते, आज ते साठीच्या घरात गेले आहे. हा चमत्कार कोणत्या नव्या औषधाने केलेला नाही. जवळजवळ निम्म्या मुलांना हृदयाचे जन्मजात दोष असतात, त्यांची वेळीच शस्त्रक्रिया होऊ लागली. मुलांना संस्थांच्या भिंतींआड कोंडणे थांबले, त्यांना शाळेत घेतले गेले, बोलायला शिकविले गेले. एवढ्यावर ती वाढली, कामे करू लागली, मित्र जोडू लागली. आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोषांच्या यादीत डाऊन सिंड्रोमचा समावेश आहे आणि लहान वयातच उपचार सुरू करण्यासाठी जिल्हास्तरीय केंद्रांची योजना आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात शिक्षणाचा हक्क आहे. कागद चांगले आहेत. पण ‘हाय रिस्क’चा शिक्का मारणाऱ्या खोलीत या केंद्राचा पत्ता भिंतीवर लावलेला कधी दिसत नाही. अशा मुलाला वाढवीत असलेल्या एखाद्या आईशी या स्त्रीची गाठ घालून द्यावी, हेही कोणाला सुचत नाही.

जिल्हा रुग्णालयांतून पहिल्या तिमाहीची सोनोग्राफी आणि रक्ततपासणी मोफत व्हावी, संशय आल्यास गर्भजलपरीक्षेचा आणि प्रवासाचा खर्च शासनाने सोसावा, आणि निकाल समजावून सांगण्यासाठी प्रशिक्षित समुपदेशिका नेमाव्यात, या मागण्या विधिमंडळात आणि आरोग्य खात्यात लावून धरल्या पाहिजेत. खाजगी प्रयोगशाळांनी आपण कोणते मध्यक वापरतो आणि आपल्या ‘हाय रिस्क’ निकालांपैकी किती पुढे खरे ठरले, हे दरवर्षी जाहीर करावे. आज ग्राहकाला साबणाच्या वडीवरील मजकुरावरून जेवढे कळते, तेवढेही या कागदावरून कळत नाही. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला तर करोत.

त्यांतील एका गोष्टीला मात्र अंदाजपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. १९९४ च्या कायद्याने प्रसूतिपूर्व चाचणीची जी व्याख्या केली आहे, तिच्यात गर्भवतीच्या रक्ताच्या परीक्षणाचाही उल्लेख आहे, आणि स्त्रीला समजणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घेण्याचे बंधनही त्याच कायद्यात आहे. ही चाचणी रोगाचे निदान करीत नाही. हा आकडा म्हणजे केवळ शक्यता आहे. पुढची तपासणी करावयाची किंवा न करावयाची ही तुमची इच्छा आहे, अशी तीन वाक्ये मराठीत, त्या गुणोत्तराच्या वर, तितक्याच जाड ठशात छापावीत. प्रत्येक प्रयोगशाळेने हे उद्याच्या सकाळपासून सुरू करावे आणि आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांनी महिन्याभराने जाऊन ते कागद पाहावेत.